पहिली सुरी

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

भुतांची पार्टी! आपल्या घरात! एकतीस तारखेला!

ऋतुजाने चकली खाता खाता जाहीर केलं. मला आधी वाटलं थट्टा करतेय. सातव्यात डोहाळजेवण करू म्हटलं तर साफ नाही म्हणाली होती. "आई, बाळ हातात येईपर्यंत काही नको. ओटी नको, फोटो नको, फुलांचे दागिने तर नकोच नको." मी विषय सोडून दिला. दोनदा पोळलेली मुलगी. पहिलं तिसऱ्या महिन्यात गेलं, दुसरं पाचव्या. ती तिथे डब्लिनला, मी इथे, फोन कानाला लावून नुसती तिचं रडणं ऐकत. म्हणून या वेळी हट्ट धरला — बाळंतपण इथे, विश्रांतवाडीत, माझ्या डोळ्यांसमोर. जावयांना, आमोदरावांना, रजा नाही, ते पुढच्या महिन्यात येतील. ही सप्टेंबरातच आली.

आणि आता हे! दारात तोंडं कोरलेले भोपळे ठेवायचे, सोसायटीतल्या पोरांनी भुतं बनून यायचं, बेल वाजवायची, खाऊ मागायचा. "डोहाळजेवणाऐवजी हेच कर ना गं."

हो म्हटलं. आठवा चालू आहे आणि तिला काहीतरी हवंसं वाटतंय. मला तेवढं पुरे.

२४ ऑक्टोबर

सकाळपासून सिस्टर अगाथा आठवतायत. कॅम्पातल्या आमच्या शाळेत त्या आयर्लंडहून आलेल्या. सांगायच्या, लहानपणी एकतीसच्या रात्री आम्ही सलगम कोरून त्यात मेणबत्ती लावायचो, कारण त्या रात्री मेलेली माणसं घराकडे येतात. आम्ही मुली श्वास धरून ऐकायचो. मग एकदम टेबलावर पट्टी! "बट इट्स ऑल सुपरस्टिशन, गर्ल्स!" आणि याच सिस्टर जेवताना मीठ सांडलं की चिमूटभर डाव्या खांद्यावरून मागे उडवायच्या. एकदा मी धीर करून विचारलं. म्हणाल्या, ही सवय आहे, चाइल्ड. सुपरस्टिशन वेगळं.

त्यांच्या हाताला खडूचा वास यायचा. अजून येतो.

पाहुणे — ऋतुजा बाळाला पाहुणे म्हणते — रात्रभर लाथा मारतायत म्हणे. दुपारी माझा हात धरून पोटावर ठेवला. टाच होती! नक्की टाच! इवली, टणक. हाताखालून सरकली.

२५ ऑक्टोबर

आनंदीबाई ताक घेऊन आल्या. आमची सोसायटी उभी आहे ती जमीन त्यांच्या घरची. आता वरच्या मजल्यावर राहतात — त्या, मुलगा रविराज, सून आणि नात सोनू. शेत गेलं, म्हशी लोहगावच्या गोठ्यात, ताक मात्र रोज इथे.

सोनूने वर जाऊन सगळं सांगितलेलंच होतं. ती हडळ होणार. बूट उलटे घालणार, पाय उलटे दिसायला!

आनंदीबाई ऋतुजाला म्हणाल्या, "आमच्यात भुतं घालवून देत्यात बाई. तुमी आवतान देऊन बोलवताय व्हय?"

"आजी, खाऊ मिळाला की जातात ती लगेच. राहत नाहीत."

"म्हंजी पावण्यांपरीस बरी म्हनायची!"

हसून हसून ऋतुजाने पोट धरलं. किती दिवसांनी अशी हसली.

पण दारात चपला घालताना आनंदीबाई हळूच म्हणाल्या, "ताई, त्यो भोपळा कोन चिरनार?"

म्हटलं, ऋतुजाच. हौस आहे तिला.

त्यांनी चपलेतला पाय परत बाहेर काढला. "बाईमाणसानं आख्खा भोपळा चिरू न्हाई. त्यात ही पोटुशी. भोपळा म्हंजी घरातला थोरला ल्योक असतो. मी रविराजला धाडते. त्यानं एकडाव सुरी घातली की मग करा तुमाला काय करायचं ते."

असलं आम्ही मानत नाही, असं सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "बघू."

२६ ऑक्टोबर, रविवार

मंडईत गेले. दिवाळी झाली तरी पाऊस जायचं नाव नाही. पायाखाली चिखल, झेंडूचा लगदा.

मला एक गोष्ट आजच कळली. मी अख्खा भोपळा किती वर्षांत विकत घेतलेला नाही! श्रीधर गेल्यापासून नाहीच. नेहमी फोड घेते, भाजीपुरती. एकटीला कशाला मोठा, असंच समजत होते मी. आज हातगाडीसमोर उभी राहिले आणि आठवलं. ते असताना अख्खा यायचा. मी स्वयंपाकघरातून हाक मारायची, "अहो, तेवढी सुरी घाला." पेपर बाजूला ठेवून यायचे, बाह्या सारायचे जसा काही बोकडच कापायचाय, एक घाव घालायचे आणि परत पेपर. पुढचं सगळं मी. माझ्या आईकडेही तसंच, सासूबाईंकडेही तसंच. कधी कोणी कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. एवढं इंग्रजी शिकून!

भाजीवाला म्हणाला, "आख्खं डांगर? तीन? कार्य हाय का घरी?"

मी म्हटलं हो. काय सांगणार.

भोपळे बाल्कनीत ठेवलेत. ऋतुजाने एकेकाला थोपटून पाहिलं. "हा हसरा होईल. हा रडका. आणि हा मोठा — हा दुष्ट!"

२७ ऑक्टोबर

आज कळलं ही पार्टी कशासाठी.

दुपारी काळा कागद कापत बसलो होतो. मी वटवाघळं कापत होते, ती कोळी. एकदम म्हणाली, "आई, गेल्या वर्षी एकतीसलाच मी दवाखान्यातून घरी आले होते."

दुसऱ्या वेळची गोष्ट. मला महिना माहीत होता, दिवस नव्हता. संध्याकाळी घरी सोडलं. आमोदराव औषधं आणायला गेले. ही कोचावर, अंधारात. आणि बेल वाजायला लागली. तिथली पोरं, भुतं बनून, खाऊ मागायला. एक गेलं की दुसरं. हिने आधीच गोळ्या-चॉकलेटं आणून टोपली भरून ठेवलेली. टोपली दाराशीच होती. पण हिला दार उघडता येईना. शेवटी उशी कानावर दाबून पडून राहिली.

"या वर्षी मला दार उघडायचंय," म्हणाली. "प्रत्येक वेळी बेल वाजली की."

मी कात्री खाली ठेवली. तिचे केस मागे सारले, लहानपणी सारायची तसे. आता मध्ये दोन-तीन पांढरे आहेत.

रात्रीच्या आमटीला फोडणी देताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर गेली. एकतीसच्या चौकटीत बारीक अक्षरात — कूष्मांड नवमी. म्हणजे कोहळ्याची नवमी! आई त्या दिवशी देवळात कोहळा दान द्यायची. अख्खा. डाग नाही, चीर नाही, असा बघून घेतलेला. आणि आपण त्याच दिवशी भोपळ्याला डोळे फोडून दारात ठेवणार.

कोहळा वेगळा, भोपळा वेगळा. दोन फळं आहेत ती. मीच मला समजावलं. दोनदा.

२८ ऑक्टोबर

वाईट झालं. माझ्यामुळे झालं.

सकाळी ऋतुजाने टेबलावर पेपर पसरला, मोठी सुरी काढली. मी म्हटलं, थांब थोडी, रविराज येतोय. कशाला? म्हटलं, साल टणक असते, तुला जोर लागेल. तेवढ्यात आनंदीबाई आल्या आणि सरळ म्हणाल्या, "रविराज अंगुळ करतोय, येतोच. तू सुरीला हात लावू नगंस. दोन जिवाची हायेस."

ऋतुजाने माझ्याकडे बघितलं. आनंदीबाईंकडे नाही, माझ्याकडे.

"आई, तुला माहीत होतं हे? तू पण?"

"अगं, मानत नाही मी. पण त्यांना बरं वाटतं तर—"

"कोणाला? त्यांना की तुला?"

तोंडातून निघून गेलं, "आधीच दोनदा झालंय, ऋतू. उगीच कशाला."

ते शब्द परत घेता आले असते तर! तिचा चेहरा पांढरा पडला. म्हणाली, "म्हणजे तेव्हा मी काय चिरलं होतं?"

आणि तिने सुरी घेतली. दोन्ही हातांनी मूठ धरून मोठ्या भोपळ्यात खुपसली. कच्च! आनंदीबाईंनी डोळे मिटले. सुरी अडकली, हलेना. ऋतुजा दात आवळून ओढतेय, टेबल हलतंय. मी पुढे झाले तर ओरडली, "हात लावू नकोस!" निघाली शेवटी. मग झाकण कापलं, डोळे कापले, दात कापले. मग बाकीच्या दोघांचेही. रविराज दारात ओल्या केसांनी उभा. त्याला काही कळेना. "मावशी, काय करायचं होतं?" मी म्हटलं, काही नाही बाळा, झालं.

आनंदीबाई जाताना माझ्या दंडाला धरून म्हणाल्या, "जाऊ द्या. जुन्या गोष्टी. माझंच तोंड खराब." त्या विसरतीलही. मला सुरी आत गेल्याचा आवाज अजून ऐकू येतोय.

२९ ऑक्टोबर

बोलत नाही फारशी. हो, नाही, नंतर. एवढंच.

संध्याकाळी ती डोळे मिटून पडली होती. मी मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेतल्या आणि तिच्यावरून उतरवल्या. आयुष्यात पहिल्यांदा! श्रीधर असते तर महिनाभर टोमणे मारले असते. स्वयंपाकघराचं दार लावून तव्यावर टाकल्या. मिरच्या जळल्या, काळ्या झाल्या — पण ठसका नाही! आई म्हणायची, ठसका लागला नाही तर समजायचं दृष्ट मोठी आहे. मी वाकून वास घेतला. काही नाही. खिडकी उघडी होती म्हणून असेल. एक्झॉस्ट चालू होता म्हणून असेल.

वळले तर ऋतुजा दार ढकलून उभी.

"निघाली का दृष्ट?" म्हणाली. आवाज अगदी सपाट. पाणी घेतलं आणि गेली.

३० ऑक्टोबर

भोपळ्यांची तोंडं बसली! तिथे थंडीत दोन आठवडे टिकतात म्हणे. आपल्याकडे हा पाऊस, हा उकाडा. हसऱ्याचा जबडा आत गेलाय, म्हाताऱ्याची कवळी काढल्यासारखा. मोठ्याच्या डोळ्यांत काळी बुरशी, आणि चिलटं आत-बाहेर. वास येतोय. गोडसर, कुजका. मी म्हटलं टाकून देऊ, कागदाचे करू. ऋतुजा म्हणाली, "राहू दे. भुतंच आहेत ना."

रुसवा चालूच आहे. जेवली नाही. सकाळी फ्रीजमधलं गार पाणी पेले भरभरून प्यायली. या दिवसांत इतकं गार कशाला, म्हटलं तर आणखी एक पेला भरला. मग डब्यातली साखर चमच्याने खाल्ली! गोडाला तोंड न लावणारी मुलगी. पुन्हा खोलीत जाऊन डाव्या कुशीवर पडली, भिंतीकडे तोंड. मी दोनदा डोकावले. हात पोटावर ठेवून पडलेली, कान देऊन काही ऐकत असल्यासारखी.

"बरं वाटत नाही का? डॉक्टरांकडे जाऊ या?"

"मला काही झालेलं नाही. उद्याची तयारी कर तू."

करंज्यांना चॉकलेटचे पंख चिकटवले. शेवेच्या बोटांना बदामाची नखं. हात कामाला लागले की बरं असतं. पण आज हात कामात आणि जीव टांगलेला. कशाने, सांगता येत नाही. घरात कुणीतरी आलंय आणि आपल्याला सांगितलेलं नाही, असं काहीतरी.

३१ ऑक्टोबर, सकाळ

पाऊस थांबलाय. ऋतुजा स्वतःहून उठली, आंघोळ केली, नखांना काळा रंग लावत बसलीय. मला म्हणाली, "आई, तू पण काहीतरी हो ना." म्हटलं मी नन होते! हसली. थोडीशी, पण हसली. देवा, आजचा दिवस नीट जाऊ दे.

१ नोव्हेंबर

दवाखान्यात. वही आणायला रविराजला सांगितलं. लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

पोरं पाचला आली. बेल वाजली की ऋतुजा उठायची. काळा झगा, डोळ्यांभोवती काजळ, डोक्यावर टोकदार टोपी. मी टोपली धरलेली. प्रत्येक वेळी तिनेच दार उघडलं. एक मुंजा आला, दोन सांगाडे, एक वेताळ — आईच्या ओढणीत अडकून पडला. घर नुसतं किंचाळ्यांनी भरलं. मला वाटलं, झालं, सुटलो.

मग सोनू आली. हडळ. उलट्या बुटांनी फेंगडी चालत सरळ ऋतुजापाशी गेली आणि तिच्या पोटाला कान लावला. रोज लावते ती. आज बराच वेळ लावला.

"काकू, बाळ झोपलंय?"

"हो."

"कधी उठणार?"

ऋतुजाने वर बघितलं, माझ्याकडे. आणि काजळातून मला तिचे डोळे दिसले.

तिला स्वयंपाकघरात नेलं. "पाहुणे कधी हलले होते शेवटचे?"

"काल सकाळपासून नाही. बहुतेक. परवाही कमीच होतं. गार पाणी प्यायले, साखर खाल्ली, सगळं केलं. मध्ये एकदा वाटलं हललं. मग वाटलं, मलाच भास झाला."

"आणि आत्ता सांगतेस! काल विचारलं तेव्हा—"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, भोपळा." तिने ओट्याला हात टेकला. "तोंडाने नसतीस म्हणाली. पण तुझ्या तोंडावर असतं. ते मला बघायचं नव्हतं, आई."

बाहेर पोरं नाचत होती.

आनंदीबाईंनी आत येऊन एकदा बघितलं आणि काही विचारलं नाही. "पोरांकडं मी बघते. तुमी निघा." वरच्या मजल्याकडे तोंड करून हाक, "रव्या! गाडी काढ!" भोपळ्याचं अवाक्षर नाही. त्यांनी नाहीच काढलं. भोपळा आम्हा दोघींमध्येच होता.

आळंदी रस्त्यावर ही गर्दी. ऋतुजाने टोपी काढून मांडीवर घेतलेली. मी तिचा हात धरला होता आणि तिने सोडवून घेतला नाही.

दवाखान्यात नर्सने बोटाला चिमटा लावला तर आकडाच उमटेना. नखांचा काळा रंग! स्पिरिटचा बोळा घेऊन खसाखसा घासला. दुसरी पोटावर यंत्र फिरवत होती. खरखर. नुसती खरखर. मग आलं. ठोका. हळू, फार हळू, दमलेल्या माणसाने जिना चढावा तसा. नर्सच्या तोंडावरचं हसू गेलं आणि ती धावली. डॉक्टरीणबाई आल्या, म्हणाल्या आत्ताच्या आत्ता. मला सही करायला लावलं. ऋतुजाला आत नेताना तिच्या गालावर काजळाचे ओघळ होते. पुसायलाही मिळालं नाही मला.

मुलगी. रडली नाही लगेच. मग रडली — मांजराच्या पिलासारखी, एकदाच. काचेच्या पेटीत आहे. नाकात नळी, पायाला तार. मला लांबून दाखवली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वार, म्हणजे प्लासेंटा, नीट काम करत नव्हती. पुष्कळ दिवसांपासून असणार. कोणाच्या हातात नसतं. पण हालचाल कमी झाली त्याच दिवशी यायला हवं होतं." मी विचारलं, वाचेल ना? म्हणाल्या, आज काही सांगत नाही.

त्याच दिवशी. त्याच दिवशी मी मिरच्या उतरवत होते.

२ नोव्हेंबर

आमोदराव विमानात आहेत. बाळाचं तसंच आहे.

दुपारी ऋतुजाला नीट जाग आली. मग म्हणाली — अगदी हळू, लहानपणी तापात बोलायची त्या आवाजात — "आई, खरं सांग. मी चिरला म्हणून का गं?"

म्हटलं, "वेडी कुठली. पहिली सुरी तुझी नव्हतीच. सोमवारी दुपारी तू झोपली होतीस तेव्हाच मी बाल्कनीत जाऊन सुरी घातली होती. तिन्हींना. बुडाशी, दिसणार नाही अशी."

"खरंच?"

"अगदी खरं."

तिने एक श्वास सोडला आणि लगेच झोपली. इथे आल्यापासून पहिल्यांदा. सोमवारी दुपारी आम्ही दोघी कागद कापत होतो, हे तिला आठवलं नाही.

नर्स दोनदा येऊन गेली. आजी, चला, आज बाळाला हात लावू देतायत. मी नंतर येते म्हटलं.

मी अजून इथेच बसलेय. ती सुरी मी माझ्या हाताची करून बसले, आता तो हात बाळाला लावायचं धाडस होत नाही.